गच्चीवरची तबकडी आणि शेजारचा निंब

आमच्या गावात सगळ्यात उंच घर माझं आहे, ही गोष्ट मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. येण्यासारखी ती नव्हतीही. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. पण इंटरनेटची केबल जऊळक्याच्या बाजूनं येऊन आमच्या फाट्याशी अडकली आणि माझ्या घराची उंची एकदम सार्वजनिक हिताचा विषय झाली.

केबल अडकायचं कारण साधं होतं. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर. मध्ये नाला, नाल्यावर पूल. केबल पुलावरून न्यायची तर पुलाच्या मालकाची परवानगी हवी, आणि पूल ज्यांचा असू शकत होता ती दोन्ही खाती लेखी कळवून मोकळी झाली होती की तो आमचा नाही. त्या बेवारस पुलावरून आम्ही लहानपणापासून येतो-जातो. केबलला तेवढी मोकळीक नव्हती.

मग एका छोट्या कंपनीनं तोडगा काढला. फाट्यावरच्या गोदामावर एक तबकडी, गावातल्या उंच घरावर दुसरी. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहायचं, मधलं नेट हवेतून. उपसरपंच स्वतः घरी आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, गाव तुमच्या भरोशावर हाय." मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण गाव माझ्या भरोशावर आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी लगेच होकार दिला. बायको म्हणाली, "वाळवणं कुठं घालू मंग?" विज्ञानाच्या वाटेत अशा अडचणी येतातच, असं मी तिला सांगितलं.

कंपनीचा तंत्रज्ञ फाल्गुन महिन्यात आला. चाळिशीतला, अकोल्याकडचा, शांत माणूस. परातीएवढी तबकडी, तिच्या तोंडावर पांढरं प्लॅस्टिकचं झाकण, आणि तिला वीज पुरवणारा करड्या रंगाचा डबा. डबा त्यानं गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याला बसवला. तबकडीचं तोंड फाट्याकडे करून तो केसभर इकडे, केसभर तिकडे असं अर्धा दिवस करत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, या मिलिमीटर लहरी. साध्या मोबाईलच्या लहरी लांब असतात, भिंतीतूनही आत शिरतात. ह्या लई बारक्या. वाहून नेतात पुष्कळ, पण नाजूक. भिंत चालत नाही, पाणी चालत नाही, झाडाची पानं आडवी आली तरी अडतात. समोरासमोर दिसलं पाहिजे."

मी मान डोलावली. लहरींचा धडा मी तीस वेळा शिकवलेला होता. प्रयोग मात्र एकदाही केला नव्हता, कारण प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगमध्ये असायचे.

जाताना त्यानं शेजारच्या निंबाकडे बघितलं. पानगळीमुळं झाड तेव्हा जवळजवळ उघडं होतं. "याला पानं फुटली की एकदा बघावं लागेल," एवढंच तो बोलला.

हे झाड माझं नव्हतं. माझ्या घराला लागून पूर्वेला एक शिवणकाम करणारी बाई राहते, झाड तिच्या अंगणातलं. तिचा नवरा अकोल्याला एका इमारतीवर चौकीदार आहे, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घर एका खोलीचं, वर टिनं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिनाखाली दुपारी बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून तिची मशीन संक्रांतीनंतर जी निंबाखाली यायची ती पाऊस लागेपर्यंत तिथंच. शाळेचे गणवेश, लग्नसराईची पोलकी, निळ्या झेंड्यांना शिवायच्या किनारी, सगळं त्या सावलीत. झाड तिच्या सासऱ्यानं लावलेलं. तिचा कारखाना म्हणा, दुकान म्हणा, तेच होतं.

नेट सुरू झालं आणि पंधरा दिवस गावात आनंदीआनंद. मी फोनवर वेग मोजायचो आणि येईल त्याला आकडा दाखवायचो. त्या वेगाचं करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी लोणारच्या सरोवराचा तोच व्हिडिओ बघायचो, पण आता तो अडकत नव्हता.

मग ठरलं उद्घाटन. पंधरा दिवस चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसलं, असं मी विचारलं. उपसरपंच म्हणाले, "सर, चालू असणं वायलं अन् उद्घाटन होणं वायलं." जिल्ह्याहून साहेब येणार होते. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की गावाला दोनच गोष्टी सुचतात. दगड असेल त्याला चुना, लोखंड असेल त्याला सिल्व्हर. पाण्याच्या टाकीचा स्टँड, झेंड्याचा खांब, शाळेचं फाटक, हापसा, सगळ्यांना चंदेरी रंग. एकदा तर अंगणवाडीसमोर बंद पडलेल्या मोटरसायकलीलाही मारला होता, कारण ती कुणाची हे कळेना आणि साहेब तर येऊन ठेपले होते.

माझ्या फाटकाला मारून डब्यात तीन बोटं सिल्व्हर उरलं. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी ते घेऊन गच्चीवर गेलो. खांबाला एक हात मारला. खांब चकाकला आणि त्यावरची तबकडी कळकट दिसायला लागली. झाकणावर धूळ बसली होती, चिमण्यांनीही आपली हजेरी लावली होती. उद्या साहेब मान वर करून बघणार. मी फडक्यानं झाकण पुसलं आणि त्यावरही हात मारला. वाळल्यावर दुसरा. खाली उतरून रस्त्यावरून बघितलं तर अशी झळकत होती की माझाच ऊर भरून आला.

संध्याकाळी नेट बंद पडलं होतं. माझ्या मनात रंगाची शंका आली का? आली नाही. इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला झाड आठवलं. चैत्र लागला होता, निंबाला तांबूस कोवळी पानं फुटली होती, आणि तंत्रज्ञानं सांगितलेलं वाक्य मला पाठ होतं. माझ्या हातून काही झालं असेल ही गोष्ट मला शिवलीसुद्धा नाही.

उद्घाटन ठरल्याप्रमाणे पार पडलं. ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरनं आदल्या आठवड्यात उतरवून ठेवलेला व्हिडिओ लावला. साहेबांनी दोन मिनिटं बघितला, म्हणाले, "वा, काय स्पीड आहे!" टाळ्या झाल्या. मग साहेबांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावतो म्हणून स्वतःचा फोन काढला, आणि त्यानंतरच्या दहा मिनिटांत उपसरपंचांना किती घाम आला ते शर्टावर दिसत होतं. साहेब गाडीत बसले तेव्हा फीत तशीच होती. कापायची राहून गेली.

मी तंत्रज्ञाला फोन केला. तो दुसऱ्या तालुक्यात अडकला होता, आठ-दहा दिवस लागतील म्हणाला. "झाड आडवं आलं का सर?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "झाडच आहे." मी वर जाऊन बघितलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उपसरपंच, मी आणि गावातले आणखी चारपाच जण शेजारच्या बाईकडे गेलो. दुपारची वेळ. तिनं मशीन थांबवली, घरातून दोन खुर्च्या आणि एक सतरंजी आणली, चहा ठेवला. आम्ही निंबाखाली ऐसपैस बसलो. वारा छान लागत होता. उपसरपंचांनी झाडामुळं गावाचं कसं नुकसान होतंय ते सांगायला सुरुवात केली. निराधार योजनेचं केवायसी अडलं, पीकविम्याचे फॉर्म अडले, पोरींचे कॉलेजचे अर्ज अडले. सांगता सांगता ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे आणि पुन्हा सावलीत येऊन पुढचं नुकसान सांगायचे.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढ्या सावलीत बसून हेच बोलून राह्यले तुमी?"

कुणीतरी हसलं. उपसरपंच हसले नाहीत. "ताई, एका झाडापायी सारं गाव थांबलं. लोकं नाव तुमचं घेऊन राह्यले."

तिनं हातातलं कापड घडी करून मशीनवर ठेवलं. माझ्याकडे वळली. "सर, तुमी सायन्सवाले. माह्या पोरीले तुमीच शिकवलं. तुमी सांगा. या झाडानंच हाय काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ करून मिलिमीटर लहरींवर एक छोटं व्याख्यान दिलं. लांबी कमी, ताकद भरपूर, पण पान आडवं आलं की संपलं. बोलताना मला बरं वाटत होतं, शाळा सुटल्यापासून एवढं मन लावून कुणी माझं ऐकलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "शंभर टक्के झाडच आहे."

"तुमी म्हणता त मंग पाडा," ती म्हणाली, आणि चहाच्या कपबश्या गोळा करून आत गेली.

झाड तोडायला परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन करायचा होता, आणि नेट बंद होतं. तेव्हा तोंडीच ठरलं. दुसऱ्या दिवशी करवत आली. दुपारच्या जेवणाच्या आत निंब आडवा झाला. लाकूड सगळं बाईलाच द्यायचं, असा मोठा निर्णय उपसरपंचांनी तिथल्या तिथं जाहीर केला. तिचं लाकूड तिलाच मिळालं म्हणून लोकांनी त्यांचं कौतुकही केलं.

मी वर जाऊन फोन काढला. नेट नव्हतं. "जरा वेळ लागतो," मी खाली जमलेल्यांना सांगितलं. संध्याकाळीही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मला जेवण जाईना. बायकोनं विचारलं, "तब्येत बरी नाई का?" मी म्हणालो, ऊन लागलंय.

झाड पाडल्याच्या चौथ्या दिवशी तंत्रज्ञ आला. आम्ही दोघंच गच्चीवर. त्यानं तबकडीकडे बघितलं. मग पुढं होऊन झाकणावर नख ओढलं. नखाखाली चांदी आली.

"सर, हे कोणं केलं?"

"साहेब येणार होते," मी म्हणालो. उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, तरी त्याला समजलं.

"या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. तोंडावर पत्राच ठोकला म्हणा न तुमी. लहर बाहेर पडन कुठून?" मग तो कठड्याशी गेला, डोळा बारीक करून फाट्याकडे बघितलं, खाली पडलेल्या बुंध्याकडे बघितलं. "अन् झाड त बाजूले होतं. पानं आली तरी चांगलं दोन हात लांब राह्यलं असतं."

धातू लहरींना परत फिरवतो. आठवीच्या पुस्तकात चौकटीत दिलेलं वाक्य. मी ते मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतलेलं आहे. गच्चीवर उन्हात उभं राहून मला जी लाज वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती वाटत असतानाच मी काय केलं, तर जिन्याचं दार लोटून घेतलं. आमचं बोलणं खाली जाऊ नये म्हणून.

त्यानं पिशवीतलं नवं झाकण बसवलं. नेट आलं. खालून आरोळी उठली. फॉर्मवर बिघाडाचं कारण लिहायचं होतं. त्यानं पेन माझ्याकडे न देता नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, "झाडाचा अडथळा होता, दूर केला, असं लिहा." त्यानं तसं लिहिलं. चहा घेतला नाही.

गावाला पुरावा मिळाला. झाड पडलं आणि आठवड्याच्या आत नेट आलं, आणखी काय पाहिजे? लोक बाईला येता-जाता ऐकवू लागले, "पाह्य, आलं का नाई? उगाच अडून बसली होती तू." ती एक दिवससुद्धा अडून बसली नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

वैशाख आला. आता गच्चीवरून मला तिचं अंगण पूर्ण दिसायचं. सकाळी तिची मशीन घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून, ऊन वर आलं की दाराच्या चौकटीत, दुपारी आत टिनाखाली. आत मशीन जेमतेम अर्धा तास चालायची. मग बंद. मग ती ओला पदर डोक्यावर घेऊन दारात बसलेली दिसायची. दिलेल्या तारखेला गणवेश होईनात. दोन बायका आपलं कापड परत घेऊन शिरपूरच्या टेलरकडे गेल्या, हे मी वरून बघितलं.

ऊन माझ्याही गच्चीवर आलं होतं. तो करडा डबा इतके दिवस निंबाच्या सावलीत होता, आता सकाळपासून तापायला लागला आणि बारा वाजले की नेट बंद. मी फोन केला. तंत्रज्ञ म्हणाला, "डब्यावर सावली करा सर." मी मालेगावला जाऊन शेडनेटची हिरवी जाळी आणली, चार काठ्या लावून डब्यावर नीट मांडव घातला. आठ फूट बाय दहा. डबा एक वीत लांबीचा. नेट दिवसभर चालू लागलं. उपसरपंचांनी येऊन मांडवाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात. कधी काही मागायला आलेली मला आठवत नाही. चप्पल बाहेर काढून पायरीवरच उभी राहिली. "सर, ते हिरवी जाळी उरली असन थोडी, त द्या न. दोन हात असली तरी चालन. मशीनपुरती."

उरली नव्हती. मी तिला तसंच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि ते वाक्य निघालं नाही. म्हणालो, "तुम्ही चला, मी आणतो."

वर जाऊन मी मांडव सोडला. जाळी, काठ्या, दोरी सगळं घेऊन तिच्या अंगणात गेलो. बुंध्याच्या खुंटाशेजारी काठ्या रोवल्या. ती स्टूल धरून उभी होती, मी वर चढून दोरी बांधत होतो. खाली न बघता मी सांगून टाकलं. रंग मारला ते, झाकण बदललं ते, फॉर्मवर काय लिहिलं ते. शंभर टक्के म्हणालो होतो तेही.

स्टूल धरलेला तिचा हात हलला नाही. ती म्हणाली, "माह्या सासऱ्यानं शेतातून घागरीनं पाणी आणून आणून जगवलं होतं ते." आणि मग, "मले सांगून काय होते सर? गावाले सांगा."

बारा वाजले तसं नेट गेलं. अर्ध्या तासात माणसं माझ्या घराकडे निघाली, मी घरात नाही म्हणून शेजारच्या अंगणात आली. उपसरपंच पुढं. "सर, कायनं गेलं आता?"

मी स्टुलावरच होतो. आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तिथूनच मोठ्यानं बोललो, "माझ्यामुळं गेलंय. डब्यावरची जाळी मी काढून इथं बांधली. आणि मागच्या वेळीही माझ्यामुळंच गेलं होतं. तबकडीच्या तोंडाला मी सिल्व्हर मारलं होतं. झाडाचा काही संबंध नव्हता. ताईंचं झाड आपण फुकट पाडलं."

उपसरपंचांनी जाळीकडे बघितलं, बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"पाह्यलं का?" ते मागच्या लोकांकडे वळून म्हणाले. "याले म्हणते माणूस. एका बाईले लोकं बोलून राह्यले म्हणून सारा दोष आपल्या अंगावर घेतला. सर, तुमी लई मोठ्या मनाचे."

"अहो, मी खरं सांगतोय," मी ओरडलो. "तंत्रज्ञाला विचारा."

"बस झालं सर, आता आणखी लाजवू नका आमाले," उपसरपंच म्हणाले. ऑपरेटरनं ग्रामपंचायतीत आलेल्या तंत्रज्ञाच्या फॉर्मचा फोटो फोनवर काढून सगळ्यांना दाखवला. त्यावर लिहिलेलंच होतं, झाडाचा अडथळा, दूर केला. दोघातिघांनी खाली वाकून स्टुलावरच्या माझ्या पायांना हात लावला. पंधरा ऑगस्टला सत्कार करायचा, असं जाता जाता ठरलंही.

ते गेल्यावर बाईनं मशीन जाळीखाली ओढून घेतली, सुईत दोरा ओवला आणि पायट्यावर पाय ठेवला. "झाड गेलं माहं," ती म्हणाली, "अन् मोठेपणा भेटला तुमाले." मी शेवटची गाठ सोडून पुन्हा बांधली, जरा जास्त ताणून.